हद्द झाली!

वैताग आला की आपण ‘हद्द झाली’ म्हणतो. आजचा लेख मात्र खऱ्याखुऱ्या हद्दीबद्दल आहे. रस्ता कुणाच्या हद्दीत येतो, खड्डा कुणी बुजवायचा, पावती कुणी फाडायची आणि यातलं काही चुकलं तर जाब कुणी द्यायचा, याबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण जरा दम धरा.

सुरुवात एका पाटीपासून. गेल्या हिवाळ्यात इथे बॉथेलमध्ये वादळ झालं आणि आमच्या घराजवळच्या चौकातली ‘स्टॉप’ची पाटी झाडाची फांदी पडून आडवी झाली. सकाळी मुलीला शाळेत सोडताना बघितलं तर गाड्या न थांबता सरळ निघून जात होत्या. मी शहराच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘चौकाच्या कुठल्या कोपऱ्यावर?’ मी म्हटलं, उत्तरेकडच्या. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, ‘तो कोपरा शहरात येत नाही, काउंटीत येतो. पण तुम्ही फोन ठेवू नका, मी त्यांना कळवते.’ संध्याकाळी परत येताना पाटी उभी होती.

मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बसलो, कारण मला आप्पाकाका आठवले.

आप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. १९९८ च्या पावसाळ्यात गावाच्या वेशीवर एका खड्ड्यात त्यांची एम-८० आपटली. (गावाचं नाव सांगत नाही. तुम्ही तुमच्या गावाचं घाला, चालेल.) मांडीचं हाड मोडलं. दोन ठाण्यांचे हवालदार आले आणि ही जागा कुणाच्या हद्दीत यावर त्यांची चर्चा सुरू झाली. तोवर काका रस्त्याच्या कडेला, एका टपरीवाल्याने दिलेल्या पोत्यावर. पुढे त्यांनी दोन कार्यालयांना पत्रं लिहिली, एक गावातल्या रस्त्यांचं आणि एक गावाबाहेरच्या. दोन्हीकडून उत्तर आलं, ‘सदर जागा आमच्या हद्दीत येत नाही.’ काका म्हणायचे, ‘दोघंही खरं बोलत असतील तर तो खड्डा भारतातच नव्हता.’ ते अजूनही लंगडत चालतात, आणि ती दोन पत्रं अजून त्यांच्या फायलीत आहेत.

इथवर वाचून ‘बघा, अमेरिकेत कसं सगळं सुटसुटीत असतं’ असं वाटलं असेल तर थांबा. अमेरिकेत हद्दी कमी नाहीत. उलट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. आणि आमचं बॉथेल हा तर त्यातलाही नमुना आहे.

सिएटलच्या ईशान्येला, समामिश नदीच्या काठी वसलेलं हे सुमारे ४८ हजार वस्तीचं शहर. १९०९ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. शहराच्या पोटातून किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंट्यांची सीमा जाते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. मूळ गाव दक्षिणेकडचं, किंग काउंटीतलं. १९९२ साली उत्तरेकडचा कॅन्यन पार्कचा भाग शहराला जोडला गेला आणि बॉथेल दोन जिल्ह्यांत चांगलंच पसरलं. एका काउंटीतले रस्त्यांचे आकडे सिएटलकडून मोजत येतात, दुसरीतले एव्हरेटकडून. त्यामुळे सीमेवरचा आडवा रस्ता दक्षिणेच्या हिशेबाने २०५ वा, तर उत्तरेच्या हिशेबाने २४४ वा! नवीन आलेला माणूस इथे हमखास चुकतो. विक्रीकर दोन्हीकडे वेगळा. एका काउंटीचा शेरीफ लोक निवडून देतात. दुसरीत २०२० साली लोकांनीच मतदान करून ते पद पुन्हा नेमणुकीचं केलं.

रस्त्यांचंही तसंच. ४०५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग शहरातून जातो. ५२२ आणि ५२७ हे राज्याचे रस्ते. बाकीचे शहराचे, आणि शहराची हद्द संपली की काउंटीचे. राज्याचा रस्ता शहराच्या आत शिरला की आणखी गंमत. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात याची चक्क वाटणी लिहिलेली आहे. गटारं साफ करायची शहराने, बर्फ साठला तर रस्त्यावर नांगर फिरवायचा राज्याने, आणि सिग्नल कुणी सांभाळायचे ते शहराच्या लोकसंख्येवर. ठरावीक आकड्याच्या वर गेलात की ते तुमच्या गळ्यात. वाचताना एकत्र कुटुंबातल्या वाटणीपत्राची आठवण होते. विहीर दोघांची, मोट थोरल्याची, दोर धाकट्याचा.

हे वाटणीपत्र एका दिवसात झालं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतला रस्ता हा पूर्णपणे गावकीचा मामला होता. बऱ्याच राज्यांत गावकऱ्याने वर्षातून काही दिवस रस्त्यावर राबायचं किंवा त्याऐवजी पैसे भरायचे, अशी पद्धत होती. आपल्याकडच्या वेठीचीच बहीण. जो तो आपल्या शेतापुढचा चिखल तेवढा सारखा करणार, पुढचं पुढचा बघेल. लांबच्या प्रवासाला रेल्वे आणि बोटी होत्या, त्यामुळे फारसं अडतही नव्हतं. बॉथेलला तर सिएटलहून नदीतून आगबोटी येत असत.

मग मोटार आली. मोटारीला गावाची वेस कळत नाही. वॉशिंग्टनमध्ये सॅम हिल नावाच्या गृहस्थांनी १८९९ साली ‘चांगले रस्ते’ चळवळीची संघटना उभी केली, १९०५ साली राज्याचं महामार्ग खातं सुरू झालं. बॉथेलचा एक व्यापारी, गेरहार्ड एरिकसन, राज्याच्या विधिमंडळात रस्त्यांचा कैवारी म्हणून गाजला. १९१० नंतरच्या काही वर्षांत बॉथेलमधून लाल विटांचा पक्का रस्ता झाला. किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारा त्या काळचा मुख्य पॅसिफिक हायवे १९२७ पर्यंत बॉथेलवरूनच जायचा. त्या विटांचा एक तुकडा शहराने बागेत जपून ठेवला आहे. आईबाबा आले की मी त्यांना तिथे नेतो. बाबांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, ‘विटांचा? पैसे कुणी दिले?’ बाबा जन्मभर हिशेबतपासनीस होते, त्यांचे प्रश्न असेच असतात. पण खरा प्रश्न तोच आहे.

पैसे कुणी द्यायचे याचं उत्तर अमेरिकेने पेट्रोलमध्ये शोधलं. १९१९ साली शेजारच्या ओरेगनने पेट्रोलवर रस्त्यांसाठी कर लावला, १९२१ साली वॉशिंग्टनने गॅलनमागे एक सेंट. जो रस्ता झिजवतो त्याने पैसे द्यावेत, हा सरळ हिशेब. पण सरकार कुठलंही असो, हातात पैसा आला की तो दुसरीकडे वळवायचा मोह होतोच. म्हणून १९४४ साली इथल्या लोकांनी राज्यघटनेतच दुरुस्ती करून टाकली, की हा पैसा महामार्गांच्या कामालाच जाईल. आजही ती दुरुस्ती लागू आहे.

आता जरा पुण्याला येऊ. पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना जयकर ग्रंथालय माहीत असतं. ज्यांचं नाव त्याला आहे ते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हेही माहीत असतं. पण भारतातल्या रस्त्यांचे पैसे कुणी द्यायचे हे ठरवण्यात या मराठी बॅरिस्टरांचा मोठा वाटा होता, हे मला तरी पीएचडी संपेपर्यंत माहीत नव्हतं. १९१९ च्या कायद्याने रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता आणि प्रांतांनी त्यातले बरेचसे स्थानिक बोर्डांच्या माथी मारले होते. बोर्डांकडे दमडी नव्हती. १९२७ साली दिल्लीच्या सरकारने जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९२८ साली तिने अहवाल दिला. त्यातला गाभा असा, की रस्त्यांचा विकास आता स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेला आहे, तो देशाचा विषय झाला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठी बाजूला काढा. १९२९ साली असा मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, तीही याच शिफारशींतून. ओरेगन आणि वॉशिंग्टनने जे केलं तेच, आठ-दहा वर्षांच्या अंतराने.

पुढचा टप्पाही महाराष्ट्रातच झाला. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांची चातुर्वर्ण्य व्यवस्था लावली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते. आज आपण सहज म्हणतो की हा रस्ता पीडब्ल्यूडीचा, तो झेडपीचा, त्यामागे नागपूरची ती बैठक आहे. (जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या आणि खालच्या वर्णाचे रस्ते त्यांच्या पदरात पडले.)

वर्ण ठरला की मालक ठरतो, आणि मालक बदलायचा तर वर्ण बदलायचा. याचं सगळ्यात विनोदी उदाहरण २०१७ चं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली. त्यावर अनेक राज्यांनी दुकानं हलवण्याऐवजी रस्त्याचीच जात बदलायचा घाट घातला. काल राज्य महामार्ग, आज शहरातला साधा रस्ता! डांबर तेच, खड्डे तेच, फक्त कागद वेगळा. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केलं की शहरांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना ही बंदी लागू नाही. पण तोवर सगळ्यांना कळलं होतं की हद्द ही जमिनीवर नसते, फायलीत असते, आणि मनात आणलं तर ती एका रात्रीत हलते. मग आप्पाकाकांच्या खड्ड्यासाठी ती दोन वर्षांत का हलली नाही, असा प्रश्न पडतो. असो.

१९५६ साल दोन्ही देशांत महत्त्वाचं. जूनमध्ये आयझेनहॉवर यांनी ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा सही केला. नव्वद टक्के खर्च केंद्राचा. सप्टेंबरमध्ये भारताचा राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला. पण मालकीचं उत्तर दोघांनी अगदी उलट दिलं. भारतात राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या मालकीचा. अमेरिकेत पैसे केंद्राचे, पण रस्ता राज्याचा! आमचा ४०५ वॉशिंग्टन राज्याचा आहे. केंद्राला त्यावर वेगमर्यादा ठरवायची असेल तर थेट ठरवता येत नाही. १९७४ साली तेलटंचाईत ताशी ५५ मैलांची मर्यादा देशभर आली ती ‘पाळा, नाहीतर महामार्गांचे पैसे बंद’ या धमकीवर. १९९५ साली ती गेली. घरात आजोबा पेन्शनमधून खर्च करतात आणि जेवणाच्या वेळाही तेच ठरवतात, तसला प्रकार.

पोलिसांबाबत मात्र दोन्ही देश सारखे आहेत. पोलीस हा भारतात राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला विषय. मोटारवाहनांचा कायदा समवर्ती सूचीत, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत. म्हणजे रस्ता दिल्लीचा, कायदा दोघांचा आणि शिट्टी मुंबईची. अमेरिकेतही पोलीस राज्यांचे आणि त्यांनी निर्माण केलेल्या शहरांचे, काउंट्यांचे. वॉशिंग्टनने १९२१ साली मोटरसायकलवरच्या मूठभर शिपायांनिशी महामार्ग गस्त सुरू केली. १९३३ साली तिचं नाव स्टेट पॅट्रोल झालं. ४०५ वर तीच असते. बॉथेलच्या रस्त्यांवर बॉथेलचे पोलीस. पश्चिमेला लागून केनमोर हे १९९८ साली जन्मलेलं छोटं शहर आहे. त्याने स्वतःचं पोलीस दल उभंच केलं नाही, काउंटीच्या शेरीफकडून करार करून घेतलं आहे. गाडीवर नाव केनमोरचं, पगार शेरीफच्या खात्यातून. आमच्या ऑफिसात कंत्राटी माणसं असतात तसंच.

या तुकड्यांची वाईट बाजूही आहे, ती लपवत नाही. सेंट लुईसच्या आसपास सुमारे नव्वद चिमुकली शहरं आहेत, त्यातली कित्येक आपापल्या पोलिसांसह. २०१५ साली केंद्रीय न्याय खात्याने त्यातल्या फर्ग्युसनची चौकशी केली तेव्हा दिसलं की तिथे पोलिसांकडे वसुली खातं म्हणून पाहिलं जात होतं. दंडावर शहराचं अंदाजपत्रक चालत होतं, आणि दंड भरणारे बहुतेक गरीब आणि काळे. तेव्हा अमेरिकेची हद्द ही पूजा करण्याजोगी गोष्ट नाही.

मग माझी पाटी एका दिवसात कशी उभी राहिली? माझ्या मते उत्तर पैशात किंवा शिस्तीत नाही. म्हणजे आहे, पण पुरतं नाही. ते दोन कायद्यांत आहे.

पहिला पोलिसांचा. १९८५ साली वॉशिंग्टनने कायदा केला की ठरावीक परिस्थितीत एका हद्दीतल्या पोलिसाला राज्यात इतरत्रही अधिकार वापरता येतील. अपघात झालेल्या माणसापुढे हद्दीची चर्चा करायची गरज त्याने बरीच कमी केली. आपल्याकडे याच दिशेने झालेली गोष्ट म्हणजे ‘झिरो एफआयआर’. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, समोरच्या ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा, मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. २०१३ पासून तसे आदेश होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते आता कायद्यातच लिहिलं आहे.

दुसरा कायदा जबाबदारीचा, आणि तो जास्त मोलाचा. पूर्वी अमेरिकेतही ‘राजा चूक करत नाही’ हे इंग्रजी तत्त्व चाले, सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करणं अवघड. वॉशिंग्टनने १९६१ साली हे कवच स्वतःहून उतरवलं आणि १९६७ साली शहरं आणि काउंट्यांचंही उतरवलं. तेव्हापासून रस्ता वाजवी सुरक्षित नसेल तर सरकार खासगी माणसासारखं कोर्टात उभं राहतं. २००२ साली तर इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालकाची स्वतःची चूक असली तरी सुरक्षित रस्ता देण्याचं शहराचं कर्तव्य संपत नाही. फोनवरच्या त्या बाई भल्या होत्याच. पण आडव्या पाटीची खबर मिळूनही कुणी हललं नाही, तर उद्या एखादा वकील ‘तुम्हाला कधी कळलं?’ असं तारीख-वेळेसह विचारेल, हे त्यांच्या कार्यालयाला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे ही वाट खरं तर आधी सापडली होती. १८६१ चा कलकत्त्याचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पी अँड ओ कंपनीची घोडागाडी सरकारी गोदीजवळून जात असताना कामगारांनी लोखंडाचा अवजड तुकडा खाली टाकला, घोडे बिथरले, एक जखमी झाला. कंपनीने साडेतीनशे रुपये मागितले. कोर्टाने सांगितलं, हे राज्यकारभाराचं काम नव्हे, सरकार देणं लागतं. म्हणजे रस्त्यावर जखमी झालेल्या घोड्याला १८६१ साली न्याय मिळाला! पुढे १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या सोन्याबद्दल सरकारचं कवच मान्य केलं आणि वाट पुन्हा अरुंद झाली. वॉशिंग्टन कवच काढत होतं, नेमक्या त्याच दशकात.

ती आता पुन्हा रुंदावते आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायचा आदेश दिला, आणि ती कंत्राटदार वा अधिकाऱ्यांकडून वसूल करता येईल असंही सांगितलं. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यापुढे हे आकडे लहान आहेत. पण खड्ड्याला किंमत आली की त्याचा मालक शोधायला फार वेळ लागत नाही, असा माझा अंदाज आहे.

हद्दी राहणारच. राज्य, जिल्हा, शहर, कुणीतरी कुठेतरी थांबणारच. त्या रेषा कुठून जातात हे माहीत असणं हे सरकारचं काम आहे, रस्त्यावर पडलेल्या माणसाचं नव्हे. इतकंच मला या सगळ्या इतिहासातून कळलं.

हे सगळं मी परवा आप्पाकाकांना फोनवर सांगितलं. उच्च न्यायालयाच्या आदेशाचंही सांगितलं. ते म्हणाले, ‘सत्तावीस वर्षं उशीर केला रे त्यांनी.’ मग जरा वेळाने विचारलं, ‘ती तुझी पाटी शेवटी बसवली कुणी? शहराने की त्या काउंटीने?’

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. विचारायची वेळच आली नाही.